ओव्याच्या वासाची आई

आपलाच वास बाटलीतून काढून आपल्याच अंगाला लावणारी बाई हौसाबाईंनी जन्मात पहिल्यांदा पाहिली, आणि ती नेमकी त्यांच्याच घरात निघाली.

त्यांची सून श्रुतिका सुट्टीवर आली त्याला आठवडा झाला होता. चार दिवसांपासून रोज सकाळी आंघोळ झाली की ती आरशासमोर उभी राहायची, तीर्थ घ्यावं तसा तळहात पुढे करून बोटभर कुपीतले दोन थेंब त्यावर घ्यायची आणि ते मानेला, गळ्याला, कोपराच्या खोबणीत चोळायची. मग गळ्यात चांदीची डबी. एवढं झाल्याशिवाय पोटच्या पोरीला हात लावायचा नाही.

"वरातीला निघालीस का काय गं?" हौसाबाई दारातून म्हणाल्या. "घरात चप्पल घालून फिरतीस, पलंगावर बसून चहा पितीस, ते मी गिळलं. पण आईनंच आईचं सोंग आणायचं, ही कुठली तऱ्हा?"

"सोंग कसलं, आत्या? माझाच वास आहे तो."

"तुझा हाय तर अंगाला का न्हाई? बाटलीत का हाय?"

श्रुतिकाने डबीचं झाकण दाबलं आणि पाळण्याकडे गेली. नऊ महिने उलटून गेलेली पोरगी पाळण्याची दांडी धरून उभी होती. तिने आधी आईच्या तोंडाकडे पाहिलं, नाक किंचित वर केलं, आणि मग दोन्ही हात पसरले.

हौसाबाईंनी ते बघितलं आणि त्या दुकानात निघून गेल्या.

कराडच्या बाजारात निकमांचं भांड्यांचं दुकान होतं. नवरा गेल्यापासून गादीवर हौसाबाईच बसत. शाळा चौथीत सुटली होती, पण त्याचं त्यांना कधी काही वाटलं नव्हतं. गिऱ्हाइकाने भाव पाडून मागायला तोंड उघडायच्या आत त्या 'न्हाई' म्हणून मोकळ्या होत. घरातही रीत तीच होती. एकुलता मुलगा ऋतुराज बँकेत नोकरीला होता. त्याचं मत आईच्या बाजूचं की बायकोच्या, हे तो त्या वेळी कोणाच्या खोलीत उभा आहे यावर ठरायचं.

श्रुतिकाला गुजरातेत संगणकाच्या चिपांच्या कारखान्यात नोकरी लागली ती पोटुशी असताना. बाळंतपणानंतर तिसरा महिना लागताच हजर व्हायचं, सात महिने तिथेच राहून शिकायचं, पोर बरोबर नेता येणार नाही, अशी अट होती. ती पाळली तर पुढे राहायला घर आणि पाळणाघर, दोन्ही मिळणार होतं. हौसाबाईंनी त्यावर एकच प्रश्न विचारला होता, "आन् आईच्या जागी बदली कोन येनार?"

ऋतुराजने खरोखरच आईची बदली देणारी एक कंपनी शोधून काढली. तिच्या वस्तूचं नाव होतं मायगंध.

कंपनीची मेघना नावाची पोरगी पुण्याहून आली तेव्हा घरात सव्वा महिना चालू होता. बाळंतीण बाजेवर होती, बाजेखाली शेगडी होती, आणि हौसाबाई निखाऱ्यावर ओवा, बाळंतशेपा, वावडिंग आणि लसणीची सालं टाकत होत्या. खोलीत धूर मावत नव्हता. मेघनाने खोकत खोकत शिलाई मशीनच्या पेटीएवढं यंत्र उघडलं.

"मावशी, दोन दिवस साबण, पावडर आणि हा धूर बंद ठेवायला सांगितलं होतं ना?"

"साबन बंद केला. पावडर मी या घरात येऊच दिली न्हाई. पन धुरी चुकायची न्हाई. माझ्या सासूनं माझी चुकवली न्हाई, मी हिची चुकवनार न्हाई."

मेघनाने क्षणभर विचार केला. तिला संध्याकाळपर्यंत सांगलीला पोचायचं होतं. "चालेल. यंत्र धुराचे रेणू ओळखून बाजूला काढतं," ती म्हणाली आणि तिने श्रुतिकाच्या मानेवर, काखेत, छातीशी कापसाच्या चकत्या दाबून धरल्या.

चकत्या यंत्रात फिरत होत्या तोवर हौसाबाईंनी विचारलं, "ह्यात जादू काय हाय, ते तरी सांगा. का नुसतंच अत्तर?"

मेघनाला हे विचारणारं कोणी भेटलं की बरं वाटायचं. नाकाच्या आत अगदी वर, भुवयांच्या मध्ये म्हणा हवं तर, बोटाच्या पेरावर मावेल एवढी ओलसर जागा असते, असं तिने सांगितलं. तिथे लाखो पेशी असतात आणि प्रत्येक पेशीवर एकाच जातीची कुलपं लटकलेली असतात. माणसाकडे अशी जवळपास चारशे जातींची कुलपं आहेत. वास म्हणजे हवेतून तरंगत आलेले रेणू. रेणू त्या ओलाव्यात विरघळतो, कुलपाच्या खोबणीत जाऊन बसतो, कुलपाचा आकार जरासा वळतो, आणि पेशीतून विजेचा बारीकसा ठोका मेंदूकडे जातो.

"म्हंजे एका वासाला एक कुलूप?"

"नाही, तिथंच तर गंमत आहे. एक रेणू पाच-पन्नास कुलपं उघडतो, कुठलं अर्धं, कुठलं पूर्ण. आणि एकाच कुलपात वेगवेगळे रेणू बसतात. काही तर नुसतेच अडकून राहतात, उघडत नाहीत आणि दुसऱ्यालाही बसू देत नाहीत. मेंदू एकट्या कुलपाचं ऐकत नाही. एका वेळी कुठली कुठली उघडली, त्याची नक्षी बघतो. रांगोळीचे ठिपके असतात ना, तसं."

हौसाबाईंना हे पटलं. ठिपके तेच आणि रेघा वेगळ्या ओढल्या तर मोर व्हायचा तो कासव होतो, हे त्यांना माहीत होतं.

माणसाच्या अंगातून शेकडो रेणू सुटतात, ते सगळे बनवत बसणं कोणालाच जमलं नव्हतं. पण अलीकडे त्या चारशे कुलपांचे आकार एकूण एक मोजून झाले होते. आता यंत्र उलटीकडून हिशेब करायचं. आधी नक्षी घ्यायची, मग तीच नक्षी उमटवतील असे दहा-बारा रेणू जुळवायचे. ते आईच्या अंगात असलेच पाहिजेत असं नाही. कुलपं तीच उघडली म्हणजे झालं, बाळाला आई आली. ते मिश्रण कुपीतून यायचं आणि त्याचे थेंब गळ्यातल्या चांदीच्या डबीत ठेवायचे.

"आन् घालायची कुनी?"

"जी सांभाळणार ती. अंगाच्या उबेनं दिवसभर थोडा थोडा वास सुटत राहतो. फक्त तिच्या अंगाला दुसरा उग्र वास नको. मावशी, तुम्ही मिसरी लावता का?"

हौसाबाई चाळीस वर्षं मिसरी लावत होत्या. ती त्यांनी त्या दिवशी सोडली. हा त्याग आहे असं त्या कोणालाही म्हणाल्या नाहीत, पण कोणी ते विसरणार नाही अशी व्यवस्था मात्र त्यांनी ठेवली.

पोरीचं नाव रुद्राक्षी ठेवलं होतं. हौसाबाई तिला ठमी म्हणायच्या. आई गेली त्या दिवसापासून ठमी त्यांच्या गळ्यात होती आणि तो चांदीचा ताईतही. डबी हा शब्द त्यांनी कधी वापरला नाही. पोरगी त्यांच्या मानेत नाक खुपसून झोपायची. त्या मोरीत गेल्या तरी दाराशी बसून राहायची. बाजारातल्या बायका म्हणायच्या, "हौसाबाई, लळा लावला बघा पोरीला." हौसाबाई म्हणायच्या, "लावायला काय लागतंय?" आणि पदर ताईतावरून सारखा करायच्या.

श्रुतिका रोज संध्याकाळी फोनवर दिसायची. ठमी पडद्यावर थापट्या मारायची, हसायची. फोनमधली आई तिच्या ओळखीची झाली होती, पण त्या आईला वास नव्हता.

कारखान्याने तर श्रुतिकाचा उरलासुरला वासही काढून घेतला होता. चिपेवर अत्तराचा एक कण बसला तरी माल वाया जातो, म्हणून तिथे तेल, पावडर, गजरा, सुगंधी साबण, सगळ्याला बंदी होती. वसतिगृहातही कारखान्याचाच साबण मिळायचा. सात महिन्यांनी ती कराडला उतरली तेव्हा हौसाबाईंनी तिला जवळ घेतलं आणि त्या दचकल्या. कोऱ्या स्टीलच्या पातेल्यात तोंड घालावं तशी सून.

ठमीने आईकडे पाहिलं, ओळखीचं हसली, आईने उचललं तशी मानेजवळ नाक नेलं, आणि असा टाहो फोडला की खालच्या मजल्यावरचे लोक वर आले. चेहरा ओळखीचा होता, पण आत दुसरंच कोणीतरी होतं.

दोन दिवस हेच चाललं. तिसऱ्या दिवशी श्रुतिका सासूसमोर उभी राहिली. "आत्या, ती डबी मला द्या."

हौसाबाईंनी ताईत काढून दिला. नाही म्हणायला त्यांच्याकडे काही कारण नव्हतं. पुण्याहून आलेली नवी कुपीही श्रुतिकानेच ठेवून घेतली.

त्या दुपारी त्या दुकानातून आल्या आणि सवयीने त्यांनी हात पुढे केले. ठमी रांगत आली. अर्ध्या वाटेत थांबली. नाक वर केलं. हौसाबाईंच्या तोंडाकडे पाहिलं, पुन्हा हुंगलं, खालचा ओठ बाहेर आला, आणि ती मागे सरकत सरकत आईकडे गेली.

"दात येत असतील," हौसाबाई म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी तेच झालं. हौसाबाईंनी दातांचा विषय पुन्हा काढला नाही. दुकानात बसून त्यांनी एका गिऱ्हाइकाला तांब्याची कळशी बांधून दिली, दुसऱ्याला परत पाठवलं, आणि मधल्या मोकळ्या वेळात त्यांना जे समजायचं ते समजलं. सात महिने पोरगी त्यांच्या गळ्यात नव्हती. ताईताच्या गळ्यात होती.

तेव्हापासून त्या सुनेवर जरा जास्तच चिडायला लागल्या.

पुढचा घोळ श्रुतिकाच्या नाकाने केला. एकच वास सतत आला की नाकातली कुलपं दमतात आणि उत्तर द्यायचं सोडून देतात. श्रुतिकाला स्वतःचा वास येईनासा झाला. "उडत असेल का हो?" असं ऋतुराजला विचारत तिने दोनाचे चार थेंब केले, चाराचे सहा. पोरगी आपल्याकडे यायची थांबेल या भीतीपुढे तिला मोजमाप सुचेना. आणि एका सकाळी ठमीने आईच्या खांद्यावर नाक टेकलं, तोंड वाकडं केलं आणि दूध ओकली. मग ती आईकडेही जाईना.

आता पोरगी दोघींकडेही यायची नाही. ऋतुराज तिला घेऊन गॅलरीत येरझारा घालायचा. बापाचा वास कोणी बाटलीत भरला नव्हता, त्यामुळे त्याचं बरं चाललं होतं.

मेघना पुन्हा पुण्याहून आली. तिने श्रुतिकाच्या मानेवरून चकती फिरवली, पडदा पाहिला आणि कपाळाला हात लावला.

"किती लावता? हे फार झालं. थोड्या मात्रेत जी कुलपं बधत नाहीत, ती जास्त मात्रेत उघडायला लागतात. सगळी नक्षीच बदलते. मोगऱ्याच्या वासात जो एक रेणू असतो, तोच जास्त झाला की घाणेरडा लागतो. तिला आता ही कोणीतरी तिसरीच बाई वाटतेय."

"मग माझा आत्ताचा वास घ्या," श्रुतिका म्हणाली. "धुऊन येते. आत्ताचा घ्या आणि जुन्याशी ताडून बघा. माझ्यात एवढं काय बदललं?"

तिने अंग धुतलं, चकत्या फिरल्या. मेघना बराच वेळ दोन नक्ष्या शेजारी शेजारी ठेवून बघत राहिली. मग तिने खुर्ची जरा मागे घेतली.

"थायमॉल," ती म्हणाली. "जुन्या नमुन्यात थायमॉल भरपूर आहे. आणि शेपेतले रेणू. यंत्राने धुरातले काढले होते. पण हे कातडीतून, दुधातूनच येत होते, म्हणून यंत्राने ते आईचेच धरले. तेव्हा तुम्ही काय खात होता?"

"ओवा," उत्तर हौसाबाईंनी दिलं. थायमॉल म्हणजे काय हे त्यांना कोणी सांगितलं नव्हतं, पण प्रश्न त्यांच्या स्वयंपाकघराचा होता. "ओवा, शेपा, डिंक, मेथी. सकाळ-संध्याकाळ. आन् वरनं धुरी."

"म्हणजे ठमी ज्या वासाला आई म्हणते," श्रुतिका हळूच म्हणाली, "तो मी नाहीच."

"निम्म्या तुम्ही आहात," मेघना समजूत घालत म्हणाली. "निम्मं बाळंतपण."

गॅलरीतून ऋतुराजचं बडबडगीत ऐकू येत होतं. त्याला सूर नव्हता, पण ठमीची तक्रार नव्हती.

मेघनाकडे उपाय होता. नवी कुपी करायची, तिच्यातला ओवा दर महिन्याला कमी करत जायचा आणि श्रुतिकाचा आत्ताचा वास वाढवत जायचा. वर्षभरात पोरीच्या नकळत जुनी आई जाऊन नवी येईल. अडचण एकच होती, आणि ती श्रुतिकाला आधीच दिसली होती. कारखान्यात अंगाला कुठलाही वास लावून जाता येत नव्हतं. आदल्या रात्री लावलेलाही नाही. रविवारी तिला परत निघायचं होतं, या वेळी पोरगी घेऊन. पाळणाघरात जागा मिळाली होती, खोल्या मिळाल्या होत्या. ऋतुराजही दोन महिन्यांत तिकडे बदली घेणार होता.

"कुपी लावायची तर नोकरी नाही," श्रुतिका म्हणाली, "आणि नाही लावायची तर ठमी नाही." तिने गळ्यातली डबी काढली आणि सासूपुढे धरली. "आत्या, तुम्हीच घाला. तिला इथंच राहू दे. वर्षभर तुम्हीच तिची आई. पुढचं पुढं बघू."

हौसाबाईंनी डबीकडे पाहिलं. हात पुढे करायचा आणि दोरा गळ्यात अडकवायचा, की संध्याकाळपर्यंत पोरगी मानेत नाक खुपसून झोपली असती. सूनच आपल्या हाताने देत होती, मुलाची ना नव्हती, कंपनीची माणसं मदतीला होती. बाजारातल्या बायका पुन्हा लळ्याचं बोलल्या असत्या.

"नाहीतर," डबी पुढे धरूनच श्रुतिका म्हणाली, "मला परत धुरी द्या. ओवा द्या. रविवारपर्यंत रोज देऊन बघा."

"मग परत बाळंत हो," हौसाबाई म्हणाल्या. "धुरी बाळंतिनीला देत्यात. नोकरीला निघालेल्या बाईला न्हाई."

त्यांनी डबी घेतली, गळ्यात न घालता मुठीत धरली, आरशापुढची कुपी उचलली आणि मोरीत गेल्या. कुपी त्यांनी नळाखाली उपडी केली. मग दुकानातली पितळ घासायची चिंच आणि राख घेऊन डबी आतून-बाहेरून घासली, धुतली, पुन्हा घासली. मेघना दारात येऊन "अहो मावशी" एवढंच म्हणाली. तोवर मोरीत चिंचेचा वास सुटला होता. हौसाबाईंनी डबी पदराला पुसली. मग फळीवरचा मिसरीचा डबा काढला, आठ महिने आणि वर थोडे दिवस न उघडलेला. त्याचं झाकण नखाने उचकटलं, चिमूट घेतली आणि उभ्या उभ्या दातांना लावली. बोट धुतलं, चूळ भरली आणि बाहेर आल्या.

"ऋत्या, पोरगी आन इकडं."

ठमीला त्यांनी हातात घेतलं. मिसरीचा वास लागताच ठमी रडायला लागली. हौसाबाईंनी तिला तशीच रडती नेऊन श्रुतिकाच्या मांडीवर ठेवलं. तिथे ती दुप्पट रडली, अंग ताठ करून मागे वाकली. श्रुतिका दोन्ही हात वर धरून बसली होती, गरम भांडं उचलावं की नाही अशी.

"आत्या, बघा ना, नाही राहत ती. मी कोण आहे तेच तिला—"

"ऐक आता," हौसाबाई म्हणाल्या. "तो वास तुझा नव्हता आन् माझाबी नव्हता. माझ्या शेगडीचा व्हता, त्या सव्वा महिन्याचा व्हता, आन् तो महिना झाला. मला ताईत घालून आजी व्हायचं न्हाई, आन् तुला बाटली लावून आई होऊ देनार न्हाई. रविवारी पोरगी संगं न्यायची. रडंल. गाडीत रडंल, तिथं जाऊन रडंल, तुझ्या खांद्यावर नाक घासून घासून रडंल. तुझा घाम तिच्या नाकात गेला की गप बसंल. बापाकडं बसतीया, त्याला कुठली कुपी लागली? मी मिसरी लावून गणपतीत तिकडं येनार, तवा माझ्याकडंबी रडंल, मग माझी मिसरी वळखंल. तू तिची आई हायस हे तिला कळंल तवा कळंल, श्रुते. तुला आधी कळू दे. आन् आता हात खाली घे, पोरगी पडंल. धर तिला. आन् तू रडू नगंस, दोघींची नाकं पुसायला मला पदर एकच हाय."